वही खाली, तोंड वर

लिहायला बसण्याआधी माफी मागून घेते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीच्या पुढं गेलेलं नाही. वडिलांना सही येते, ती करताना ते जीभ दातांत धरतात. आजोबांना तीही येत नव्हती. मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली, त्यामुळं तांड्यावर कुणाकडं कसलाही कागद आला की तो माझ्याकडं येतो, आणि मला सगळं येतं असा सगळ्यांचा गैरसमज आहे. जिवंत माणूस कागदावर उभं करणं हे थोरामोठ्यांचं काम. परीक्षेत 'थोडक्यात उत्तरे लिहा' या प्रश्नाला पाच पानं लिहिणारी मी, मला ते कितपत जमेल कोण जाणे. त्यातून जिच्याविषयी लिहायचं तिनं शेवटच्या भेटीत माझ्याकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी लिहिते.

माझ्या मैत्रिणीच्या मावशीइतकं बारीक ऐकणारं माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरं नाही. सिद्धेश्वरच्या धरणापासून कनेरगाव नाक्यापर्यंत कुणालाही आणून तिच्यासमोर बसवा, वाक्यातला एक फालतू शब्द तिच्या तावडीतून सुटायचा नाही. आणि तिला ऐकू येत नव्हतं. अगदीच ठार नाही. ट्रकचा हॉर्न, ढगांचा गडगडाट, असलं अंगाला हादरा देणारं काही असलं तर कळायचं. पण माणसाचं बोलणं तिच्या कानापर्यंत पोचणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. तीस वर्षं पिठाच्या गिरणीच्या आवाजात उभी राहिलेली बाई. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ओठांवरून ओळखायला ती आधी शिकली आणि मग हळूहळू कान गेले, त्यामुळं ते गेल्याचं तिचं तिलाही लवकर कळलं नसावं. बाजारात तर कुणालाच पत्ता नव्हता. आम्ही कितीतरी वेळा तिच्यासमोर बसून आमचं लिखाण वाचायचो, तरी मलाही नव्हता.

तिनं हे लपवलं त्याला कारण होतं. तिचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. आई एकटी, त्यात गिरणीचा तो पट्टा, त्यात नऊवारी नसली तरी पदर तर आहेच. त्यानं बजावून ठेवलं होतं, कान किंवा डोळा जरासा जरी कमी झाल्याचं माझ्या कानावर आलं तर गिरणीला कुलूप आणि तू माझ्याकडं. म्हणजे ही गोष्ट फुटली की गिरणी गेली, आणि गिरणी गेली की आमचा लिहिणाऱ्या बायकांचा गट गेला. हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी किती हुशार होते ते पुढं वाचता वाचता लक्षात येईल.

गिरणी आखाडा बाळापूरच्या बाजारात, लोखंडी पत्र्याचं एक शटर, आत जातं, वजनकाटा आणि दळणाच्या डब्यांची रांग. आमच्या गटाला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता, वार नव्हता. लाईट गेली की बैठक सुरू आणि लाईट आली की बैठक संपली. दुपारी बाजारातले पंखे थांबले की आम्ही चौघी चार दिशांनी रिकामा नाहीतर भरलेला डबा घेऊन निघायचो. नंदाबाई, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, मावशीच्या सगळ्यात जुन्या मैत्रीण. वहिनी, म्हणजे कृषी केंद्रवाल्याची बायको, प्रेमकविता लिहिणाऱ्या; नवरा खत-बियाण्यांच्या पोत्यांत बुडालेला असताना त्यांना एवढं प्रेम कुठून सुचायचं, हे कोडंच होतं. शबानाआपा, ब्लाउज शिवणाऱ्या, ज्यांच्या गोष्टींत प्रत्येक बाईचं माप दिलेलं असायचं. आणि मी. मैत्रिणीनं मला तिथं नेलं, दोन बैठका केल्या आणि लग्न करून निघून गेली, मी राहिले. लाईट परत आली की मावशी उठून बटण दाबायची आणि वाचणारी जिथं असेल तिथं थांबायची, मग नायिका विहिरीच्या काठावर का उभी असेना. वहिनींची एक कविता दोन महिने पूर्ण झाली नाही, कारण तिसऱ्या कडव्याला दरवेळी लाईट यायची. शेवटी समोरचा पानपट्टीवाला येऊन विचारायला लागला, "वहिनी, आज ती कविता वाचून राहिल्या का? शेतात मोटार लावायची हाय."

बैठकीचे नियम कडक होते. पहिला नियम, 'वही खाली, तोंड वर'. वहीत तोंड घालून वाचलं की मावशी अशी ओरडायची की शेजारच्या किराणा दुकानातला मापाडी दचकायचा. वाक्य वहीत बघायचं, मग वही मांडीवर, मान वर आणि मावशीच्या डोळ्यांत बघून बोलायचं. दुसरा, वाचणारीनं शटरकडं तोंड करून उजेडात बसायचं. तिसरा, पदर किंवा ओढणी तोंडाशी न्यायची नाही. वहिनींना लाजताना पदर दातांत धरायची सवय, आणि प्रेमकविता म्हटल्यावर लाजणं आलंच. त्यांचा पदर मावशीनं एकदा सरळ डब्याच्या झाकणाखाली दाबून ठेवला. शबानाआपांना म्हणायची, "टाचण्या काढ आधी तोंडातल्या. गोष्ट सांगून राहिली का उसवून राहिली?" चौथा नियम, फोनवर कुणी काही वाचून दाखवायचं नाही. फोन आला की मावशी तो नंदाबाईंच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "बघ गं कोण हाय, माझे हात पिठाचे हायेत." हात धुऊन जेवायला बसली असली तरी पिठाचे.

पुरुषांना प्रवेश नव्हता. त्याचीही एक हकिकत आहे. गावात एक निवृत्त ग्रामसेवक आहेत, ते कविता करतात आणि त्या ऐकवायला माणसं शोधत हिंडतात. त्यांना आमच्या बैठकीचा वास लागला. गव्हाचा डबा पुढं करून ते आत आले, स्टुलावर बसले, आणि खिशातून कागद काढून सबंध कविता म्हणाले. त्यांना मिशा आहेत, अशा की वरचा ओठ आहे की नाही याचा पुरावा मिळत नाही. मावशी सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडं एकटक बघत होती. ते इतके खूश झाले की दुसरी काढली. तिसऱ्या कवितेला मावशी म्हणाली, "दादा, मिशावाल्यांचं मला काहीच समजत न्हाई. तुमी दळण ठेवा अन् जा." ते गेले ते आजतागायत कळमनुरीहून दळून आणतात. आम्ही चौघींनी मात्र तो प्रसंग डोक्यावर घेतला. मावशीनं पुरुषांच्या साहित्याला दार दाखवलं, असं वहिनी गावभर सांगत फिरल्या.

तिची टीका साधी असायची. वाक्य जरा लांब झालं की हात वर करून म्हणायची, "लांबलं." बस. का लांबलं, कुठं तोडायचं, काही नाही. नंदाबाईंची तीस वर्षं अंगणवाडीचे अहवाल लिहिण्यात गेलेली. त्यांच्या आठवणींची सुरुवात 'सदर बालकास प्रस्तुत सेविकेने' अशी व्हायची. मावशी म्हणाली, "नंदे, हे सदर कोण? आपल्या गल्लीत तर कोणी सदर न्हाई." नंदाबाई रागावून घरी गेल्या आणि पुढच्या वेळी 'पोरगं भुकेलं होतं. मी त्याला खिचडी दिली.' एवढंच लिहून घेऊन आल्या. मावशी म्हणाली, "आता बराबर." वहिनींची एक ओळ होती, चांदण्यात न्हालेल्या माझ्या अबोल मनाच्या निळ्यासावळ्या पायवाटेवरून तू येशील का अशी काहीतरी, आणखी बरीच लांब. मावशीनं पहिल्या तीन शब्दांनंतर हात वर केला तो खाली घेतलाच नाही. शेवटी ती ओळ 'येतोस का?' एवढी उरली. वहिनी आठ दिवस रुसल्या, पण खरं सांगायचं तर त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली ओळ आहे. बघता बघता आम्ही चौघी सारख्याच लिहायला लागलो. तोडून, खुडून, चार शब्दांच्या पुढं न जाता. आता कळतं की भराभर हलणाऱ्या ओठांना तिचे डोळे पुरे पडायचे नाहीत आणि ती थकायची. म्हणजे आमच्या शैलीचं मूळ साहित्यात नव्हतं, मावशीच्या कानात होतं. पण सगळंच ओठांचं होतं असंही मला म्हणवत नाही. 'सदर'ला हसायला कान लागत नाहीत.

या शैलीवर मी कॉलेजात निबंध वाचला. हसू नका. तिसऱ्या वर्षाला चर्चासत्र होतं आणि सरांनी विषय सुचवायला सांगितले होते. मी 'ग्रामीण स्त्रियांच्या लेखनातील उघड्या चेहऱ्याचे तत्त्व' असा विषय घेतला. वही खाली ठेवणं म्हणजे छापील संस्कृतीला नकार, पदर तोंडावरून काढणं म्हणजे बंड, उजेडाकडं तोंड म्हणजे भविष्याकडं, आणि मिशांविषयी तर मी वेगळा परिच्छेद लिहिला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर इतके भारावले की त्यांना मावशीला प्रत्यक्ष भेटायचं होतं. मी धावत गिरणीत गेले आणि सांगितलं. मावशीनं पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या.

"मिशा हायेत का त्यायला?"

"हायेत की."

"मंग राहू दे."

मी हे उत्तरही निबंधात तळटीप म्हणून जोडलं.

एक गोष्ट मात्र मला खटकायची, ती म्हणजे नंदाबाईंची सवय. कुणी काही बोललं की त्या मावशीकडं वळून ते पुन्हा बोलायच्या. वहिनी म्हणाल्या, "उद्या बाजार हाय," की नंदाबाई मावशीकडं बघून, "उद्या बाजार हाय का मग?" शबानाआपा दाराबाहेरून हाक मारत आल्या की, "शबाना आली वाटतं." आम्हाला वाटायचं, वयानं झालं असेल. मी त्यांची नक्कल करायचे, आणि चांगली करायचे. एकदा त्यांच्यासमोरच केली. नंदाबाई हसल्या आणि म्हणाल्या, "कर बाई, कर. तोंड असंच ठळक हलवत जा." मला तेव्हा ते टोमणा वाटलं होतं.

पुढं जे झालं ते माझ्या हातून झालं. मी तांड्यावरच्या हापशावरच्या भांडणाची गोष्ट लिहिली. दोन जावा, एक घागर, आणि पाणी गेलेलं. भांडण आमच्या बंजाऱ्यांच्या भाषेत, गोरमाटीत. बाकी गोष्ट मराठीत. आमची बोली मी आयुष्यात पहिल्यांदा कागदावर उतरवली होती आणि लिहिताना मला रडू आलं होतं. मी वाचायला लागले. मराठी होतं तोवर मावशी मान हलवत होती. भांडण सुरू झालं आणि तिचा चेहरा कोरा झाला. मी वाचत राहिले. दोन मिनिटांनी ती म्हणाली, "हे काय वाचून राहिली? तोंडात फुटाणे धरले का? हे काढून टाक सगळं." वहिनी हसल्या. शबानाआपा म्हणाल्या, "मावशी, अच्छा था ना." पण मावशीनं हात हलवून पुढचीला बोलावलं.

मी त्या दिवशी डबा तिथंच विसरून घरी आले. इतकी वर्षं कॉलेजात, बसमध्ये, दुकानात जे सोसलं ते इथंही आहे, असं माझ्या मनानं घेतलं. तांड्यावरच्या पोरीनं त्यांच्यासारखं लिहिलं तर बराबर आणि तिच्यासारखं लिहिलं तर फुटाणे. रागानं मी मावशीचं सगळं आठवून आठवून तपासायला लागले, आणि तपासता तपासता दुसरंच काही हाताला लागलं. हाक मारल्यावर ती कधीच वळत नाही. मागून कुणी बोललं तर उत्तर नाही. पिठाचे हात. मिशा. मी उठून बसले. माझ्या निबंधाची एकेक ओळ डोळ्यांसमोर गळून पडत गेली. इथं शहाणी पोरगी गप्प बसली असती. मी ठरवलं की परीक्षा घ्यायची.

पुढच्या वेळी लाईट गेली, आम्ही बसलो. माझी पाळी आली तेव्हा मी वही मांडीवर ठेवली, मान वर केली, उजेडात तोंड धरलं आणि वाचलं. ओठ हलवले, आवाज काढला नाही. आमच्या शेळीची गोष्ट होती, एसटीखाली आलेली. शबानाआपांची सुई हातात थांबली. वहिनी माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. नंदाबाईंनी माझा दंड धरला, चांगला चिमटा बसेल असा, तरी मी थांबले नाही. गिरणीत माशी घोंगावल्याचं ऐकू येत होतं. मी संपवलं. मावशीनं नेहमीसारखी मान हलवली.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "शेळी मेली तिथंच थांब. फुडं तू रडली ते कशाला पाहिजे? आमी रडू की."

वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, ती तर वाचूनच न्हाई राहिली. आवाजच न्हाई काढला तिनं."

मावशीनं वहिनींच्या ओठांकडं बघितलं. मग शबानाआपांकडं, त्यांनी मान खाली घातली होती. मग नंदाबाईंकडं. माझ्याकडं सगळ्यात शेवटी, आणि फार वेळ नाही. ती उठली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि जमिनीवरचं पीठ लोटायला लागली. झाडून झालेली जमीन तिनं पुन्हा झाडली. त्या दिवशी लाईट चार तास आली नाही. आम्ही एकेक करून निघालो.

बाहेर नंदाबाईंनी मला गाठलं. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"झाली का तुझी परीक्षा? किती मार्क मिळाले?"

"नंदाबाई, मला वाटलं, माझी भाषा..."

"तुझी भाषा तिला दिसतच न्हाई, येडे. मराठी बोलणाऱ्यायचे ओठ तिनं तीस वर्सं पाहिले. तुमचे बायामाणसं तिच्यासमोर आपली बोली काढतच न्हाईत, मग ती शिकल कुठून? मला इचारायचं होतं. सात वर्सं झाले, मी तिचे कान होऊन बसून राहिले. काहून, तर तिचं पोरगं तिला नेईल म्हणून. तुला काय तकलीफ होती गं?"

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले. गिरणी चालू होती. मी समोर उभी राहिले आणि पुन्हा पुन्हा म्हणाले, मावशी, चुकलं. ती पिठाच्या धारेकडं बघत राहिली. न बघणं म्हणजे न ऐकणं, हे तिचं शस्त्र मला आता माहीत होतं. मी तिच्या नजरेच्या बाजूला गेले, ती दुसऱ्या बाजूला वळली. मी त्या बाजूला गेले. तिनं डोळे मिटून घेतले आणि हातानं पीठ चाचपून बघत राहिली, जाडं आलं की बारीक. शेवटी मी घरी आले.

कुणी काही मुद्दाम केलं नाही, पण बाजारात गोष्ट थांबत नाही. वहिनी पानपट्टीवाल्याजवळ हळहळल्या, पानपट्टीवाला किराणा दुकानात. लोक मावशीशी एकदम मोठ्यानं बोलायला लागले, प्रत्येक शब्द फोडून, जशी ती दोन वर्षांची आहे. ज्या बाईनं सगळ्या गावाचं बोलणं ओठांवरून ओळखलं, तिला लोक बोटं दाखवून सांगायला लागले की गहू, गहू. महिन्याभरात मुलगा गाडी घेऊन आला. शटर खाली गेलं. निघताना तिनं नंदाबाईंना मिठी मारली, वहिनींच्या डोक्यावर हात ठेवला, शबानाआपांनी शिवलेला ब्लाउज पिशवीत टाकला. मी तेव्हा हिंगोलीला होते. परीक्षा होती म्हणून, असं मी सांगते. पेपर दुसऱ्या दिवशी होता.

आम्ही नंतर नंदाबाईंच्या ओट्यावर बसून बघितलं. जमेना. एक तर आता लाईट आली तरी थांबायचं कारण नव्हतं, त्यामुळं वहिनींच्या कवितेची सगळी कडवी ऐकावी लागली. ती सात निघाली. वाक्यं पुन्हा लांब व्हायला लागली. नंदाबाईंच्या लिखाणात एके दिवशी 'उपरोक्त' आलं आणि कुणी हात वर केला नाही. मी हात वर करायचा प्रयत्न केला तर वहिनी म्हणाल्या, "तू नको गं बाई." बरोबरच होतं त्यांचं. हापशावरचं भांडण मी तेवढं ठेवलं आहे. त्यातलं एक अक्षर काढलेलं नाही, आणि कुणाला वाचूनही दाखवलेलं नाही. मावशीला फोन करायचा प्रश्नच नव्हता. मुलाच्या फोनवर विचारलं की तो सांगायचा, आई बरी आहे. एवढंच. जवळजवळ वर्ष असंच गेलं. मी एम.ए.ला आले, नांदेडला खोली घेतली, आणि गिरणीविषयी कुणी विचारलं तर विषय बदलायला शिकले.

मागच्या महिन्यात नंदाबाई भाचीच्या मुलीच्या बारशाला पुण्याला गेल्या होत्या, तेव्हा मावशीकडं जाऊन आल्या. येताना नांदेडला उतरून मुद्दाम माझ्या खोलीवर आल्या, आणि चहा पुढं ठेवल्यावर सांगायला लागल्या.

मुलानं मावशीच्या कानाला मशीन बसवलं आहे. चांगलं ऐकू येतं. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी झाली तर ती उठून उभी राहिली आणि सुनेला म्हणाली, "एवढा गोंगाट करून राहता का तुमी घरात रोज?" नंदाबाईंचा आवाज ऐकून मात्र म्हणाली, "नंदे, तू म्हातारी झाली की गं." मग नंदाबाईंनी फोन काढला. म्हणाल्या, आता तर ऐकू येतं, वहिनीला लावते, ती एक कविता म्हणून दाखवेल. मावशीनं तो त्यांच्या हातातून घेऊन उशीखाली ठेवला.

"नको. त्यायचे आवाज मी आपल्या मनानं ठरवून ठेवले हायेत. तोंड बघून बघून. ते राहू दे तसेच."

"वहिनीचा कसा ठेवला?"

"लई गोड ठेवला. खरा तसा असंल असं वाटत न्हाई."

शबानाआपांचा जरा घोगरा ठेवला होता म्हणे. इतकं सांगून नंदाबाई चहा प्यायला लागल्या. मी विचारणार नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघून सावकाश, ठळक ओठ हलवत बोलल्या, जुन्या सवयीनं.

मावशी म्हणाली, ती तांड्यावरची पोरगी, तिचा मला ठरवावा लागला न्हाई. तिची आई नवी लगीन होऊन आली तवा डोक्यावर दळण घेऊन यायची. तवा मला ऐकू यायचं. पोरीचं तोंड हुबेहूब आईचं, तर मी आईचाच आवाज तिला दिला.

माझ्या याडीचा, म्हणजे आईचा, आवाज दोन शेतं पलीकडच्या बैलाला ऐकू जाईल असा आहे. रानात वाढलेली बाई, तिला हळू बोलता येत नाही. बसमध्ये ती बोलायला लागली की मी लहानपणी खिडकीबाहेर बघायचे. ती शेळी, ते एसटी स्टँड, माझं सगळं नाजूक-नाजूक लिहिलेलं, मावशीनं तीन वर्षं त्या आवाजात ऐकलं.